नियमांतील मोकळ्या जागा : जॉर्ज वुडरफ यांचा फुटबॉल आणि राजकारण

अमेरिकेत फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील महाविद्यालयांमध्ये रग्बीपासून विकसित झाला. त्या काळी व्यावसायिक संघांना फारशी प्रतिष्ठा नसल्यामुळे येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांचे संघ हीच या खेळातील सर्वोच्च पातळी समजली जाई, आणि या संघांना घडवणारे प्रशिक्षक बहुधा तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडलेले तरुण असत. पुढे वकिली, व्यापार किंवा राजकारण या मार्गांनी जाण्यापूर्वीची काही वर्षे ते या कामाला देत. जॉर्ज वॉशिंग्टन वुडरफ हे याच पिढीतील असले, तरी त्यांच्या आयुष्याचे दोन भाग एकमेकांपासून तुटलेले वाटत नाहीत. मैदानावर ज्या रीतीने त्यांनी खेळाचे नियम वाचले, त्याच रीतीने पुढे वॉशिंग्टनमध्ये देशाचे कायदे वाचले. नियमाने काय सांगितले आहे यापेक्षा काय मना करायचे राहून गेले आहे, हे आधी पाहायचे आणि त्या मोकळ्या जागेत आपली माणसे उभी करायची, ही त्यांची पद्धत होती. तिचे यश आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात.

वुडरफ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८६४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागातील डिमॉक या गावी झाला. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवसही हाच असल्याने त्यांच्या नावाचा उलगडा वेगळा करायला नको. कनेटिकट राज्यातील येल विद्यापीठातून ते १८८९ मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी नौकानयन केले आणि फुटबॉल संघात ते ‘गार्ड’ या जागेवर खेळले. १८८८ च्या ज्या येल संघात ते होते, त्याने तेराच्या तेरा सामने जिंकताना एकूण ६९८ गुण मिळवले आणि प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. पुढे नामवंत प्रशिक्षक झालेले एमॉस अलोंझो स्टॅग आणि त्या काळातील सर्वश्रेष्ठ गार्ड मानले गेलेले विल्यम हेफेलफिंगर हे याच संघातील त्यांचे सहकारी होते. संघाला शिकवणारे वॉल्टर कॅम्प हे रग्बीच्या गोंधळाला शिस्त लावून अमेरिकी फुटबॉलची नियमावली रचणाऱ्यांमध्ये अग्रणी होते. नियम कसे घडतात, कोण घडवतो आणि कोणत्या हितसंबंधांसाठी घडवतो, याचे शिक्षण वुडरफ यांना अशा प्रकारे उगमापाशीच मिळाले.

पुढील विवेचनासाठी त्या काळच्या खेळाची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असत. सात जण चेंडूच्या रेषेवर प्रतिपक्षासमोर उभे राहत आणि चौघे त्यांच्या मागे असत. रेषेच्या मध्यभागी चेंडू मागे देणारा ‘सेंटर’, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड ‘गार्ड’, त्यांच्या पलीकडे दोन ‘टॅकल’ आणि टोकांना दोन ‘एंड’ अशी ही मांडणी होती. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला तीन प्रयत्नांत पाच यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, पुढे सरकावे लागे, अन्यथा चेंडू गमवावा लागे. चेंडू हाताने पुढच्या दिशेने फेकण्यास १९०६ पर्यंत मनाईच होती. याचा अर्थ असा की, जो संघ दर प्रयत्नाला जेमतेम दोन यार्ड ढकलत पुढे जाऊ शकेल, त्याच्याकडून चेंडू काढून घेणे जवळजवळ अशक्य होते. सगळा खेळ त्यामुळे एका प्रश्नापाशी येऊन थांबे, तो म्हणजे प्रतिपक्षाच्या रेषेतील एका बिंदूवर आपली अधिकाधिक माणसे एकाच क्षणी कशी आदळवायची.

वुडरफ १८९२ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले ते फुटबॉल शिकवण्यासाठी आणि त्याचबरोबर कायदा शिकण्यासाठी. विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी १८९५ मध्ये संपादन केली. पेन या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे विद्यापीठ जुने आणि प्रतिष्ठित असले, तरी फुटबॉलमध्ये येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या त्रयीसमोर त्याची गणना होत नसे. पहिल्याच मोसमात वुडरफ यांच्या संघाने प्रिन्स्टनला ६ विरुद्ध ४ असे हरवले आणि या त्रयीच्या मक्तेदारीला तडा गेला. १८९२ ते १९०१ या दहा मोसमांत त्यांच्या संघांनी १२४ सामने जिंकले, १५ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. १८९४, १८९५ आणि १८९७ या तीन वर्षी तर ते अपराजित राहिले. या वर्षांसाठी पेनला राष्ट्रीय विजेतेपद दिले जाते, परंतु त्या काळी विजेता ठरवणारी कोणतीही स्पर्धा नव्हती आणि ही विजेतेपदे पुढील काळातील अभ्यासकांनी मागे वळून बहाल केलेली आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे.

या यशाच्या मुळाशी असलेली रचना ‘गार्ड्स बॅक’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी अशी की, १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ म्हणजे धावती पाचर ही चाल वापरली होती. ती लोरिन डेलंड या बुद्धिबळाच्या जाणकाराने शोधली होती आणि या गृहस्थांनी स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता. चेंडू खेळात येण्यापूर्वीच खेळाडूंचे दोन गट दुरून धावत सुटायचे, पाचरीच्या आकारात एकत्र यायचे आणि पूर्ण वेगाने एकाच प्रतिस्पर्ध्यावर आदळायचे, असे तिचे स्वरूप होते. दुखापती इतक्या वाढल्या की १८९४ मध्ये नियमकर्त्यांनी असे आधीच धावत सुटणे बंद केले. वुडरफ यांनी हा नवा नियम बारकाईने वाचला. मनाई धावण्याला होती, उभे राहण्याला नव्हती. आणि गार्डने सेंटरच्या शेजारीच उभे राहिले पाहिजे असेही कोठे लिहिलेले नव्हते. त्यांनी आपले दोन्ही गार्ड रेषेतून काढून थोडे मागे, पण रेषेच्या लगतच एका बाजूला उभे केले. चेंडू खेळात येताच हे दोन सर्वांत वजनदार खेळाडू चेंडू नेणाऱ्याच्या पुढे चालून जात, मागील खेळाडू त्यांना रेटा देत आणि समोर उभ्या असलेल्या एकट्या टॅकलवर एकाच वेळी चार-पाच जणांचा भार पडे. वेग गेला होता, पण वस्तुमान शिल्लक राहिले होते, आणि दोन यार्डांसाठी तेवढे पुरेसे होते.

या रचनेमुळे उठलेला वाद मैदानापुरता राहिला नाही. येल आणि प्रिन्स्टन यांना सामूहिक धडकेच्या सगळ्याच चाली बंद हव्या होत्या, तर पेन, हार्वर्ड आणि कॉर्नेल यांना त्या मर्यादित स्वरूपात ठेवायच्या होत्या. परिणामी १८९५ च्या मोसमात देशात एकाच खेळाच्या दोन नियमावल्या चालू राहिल्या आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन पुन्हा एक नियमावली आली. सुरक्षिततेच्या नावाखाली मांडल्या गेलेल्या या भूमिकांमध्ये स्वार्थाचाही भाग होता, हे उघड आहे. ज्यांच्याकडे गार्ड्स बॅक होते त्यांना ते धोकादायक वाटत नव्हते आणि ज्यांच्यावर ते कोसळत होते त्यांना खेळाडूंच्या हाडांची काळजी वाटू लागली होती. तरीही वुडरफ यांची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम होती असे म्हणता येणार नाही. पुरेशी शिरस्त्राणे नसलेल्या तरुणांच्या अंगावर असा भार पडल्यावर काय होते, हे त्यांना दिसत नव्हते असे नाही.

केवळ वजनावर विसंबणारा प्रशिक्षक अशी मात्र त्यांची प्रतिमा करून घेणे चुकीचे ठरेल. नेहमीच्या मांडणीतूनच, कोणाला अपेक्षा नसताना अचानक चेंडू दूर लाथाडणे आणि चेंडू एका बाजूला नेत असल्याचा भास करून क्षणभर थांबून तो दुसऱ्याकडे सोपवणे, या दोन युक्त्यांचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. प्रतिपक्षाने दोन यार्डांच्या रेट्यासाठी दाटीवाटीने उभे राहावे आणि तेव्हाच चेंडू त्यांच्या डोक्यावरून निघून जावा, अशी त्यामागची योजना होती. १८९४ ते १८९६ या काळात पेनने सलग ३४ सामने जिंकले. ऑक्टोबर १८९६ मध्ये लाफायेट या तुलनेने छोट्या महाविद्यालयाने ६ विरुद्ध ४ असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली, तर त्यानंतर पेनने आणखी ३१ सामन्यांची दुसरी विजयमालिका उभी केली. त्यांच्या हाताखालील ट्रक्स्टन हेअर हा गार्ड १८९७ ते १९०० अशी सलग चार वर्षे देशातील सर्वोत्तम अकरांमध्ये निवडला गेला आणि १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने हातोडाफेकीत रौप्यपदकही मिळवले. जॉन आउटलंड हा त्यांच्या संघातील आणखी एक खेळाडू. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये रेषेच्या आतल्या बाजूस खेळणाऱ्यांना मिळणारा पुरस्कार आज त्याच्या नावाने दिला जातो.

पेन सोडल्यानंतर वुडरफ यांनी १९०३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या आणि १९०५ मध्ये कार्लाइल येथील शाळेच्या संघाला शिकवले. पहिला मोसम सामान्य होता. दुसरा मात्र वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलची ही निवासी शाळा १८७९ मध्ये मूलनिवासी जमातींच्या मुलांसाठी काढण्यात आली होती आणि त्यांची भाषा, वेश व चालीरीती पुसून त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवणे हा तिचा घोषित हेतू होता. अशा संस्थेतील मुलांनी फुटबॉलमध्ये मोठमोठ्या विद्यापीठांना हरवावे, यात इतिहासाचा एक कडवट उपहास आहे. वुडरफ यांच्या मोसमात कार्लाइलने दहा सामने जिंकले, त्यांत लष्करी अकादमीच्या संघावर मिळवलेला ६ विरुद्ध ५ असा विजयही होता. त्याच शरद ऋतूत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातील हिंसाचार आवरण्यास सांगितले. त्या मोसमात देशभरात सुमारे दीड डझन खेळाडू मृत्यू पावले होते. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड जाण्याचे बंधन आले. १९१० मध्ये आक्रमक संघाच्या किमान सात खेळाडूंनी रेषेवर उभे राहिलेच पाहिजे असा नियम झाला. या शेवटच्या नियमाने गार्ड्स बॅकसाठी असलेली जागा कायमची बुजली.

तोवर वुडरफ यांनी आपल्या कौशल्यासाठी दुसरे क्षेत्र शोधले होते. येलच्या १८८९ च्या वर्गातील त्यांचे सहाध्यायी गिफर्ड पिन्शो हे अमेरिकेच्या वनविभागाचे प्रमुख झाले होते. पिन्शो यांच्या वनशास्त्राची एक मुळी भारतात पोचते. पदवीनंतर युरोपात शिकत असताना त्यांना मार्गदर्शन लाभले ते सर डीट्रिक ब्रँडिस यांचे, आणि हे ब्रँडिस म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनखात्याचे पहिले महानिरीक्षक. जंगल सरकारच्या ताब्यात ठेवावे, त्याचा वापर पूर्ण थांबवू नये पण परवाने आणि शुल्क यांनी तो नियंत्रित करावा, हे सूत्र अशा रीतीने एका वसाहतीतून दुसऱ्या खंडात गेले. या सूत्राची झळ महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना पूर्वीच बसली होती. गायरानांवर आणि चराईवर वनखात्याने आणलेल्या बंधनांविरुद्ध महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केलेली तक्रार मराठी वाचकांना परिचित आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील मेंढपाळ आणि गुरांचे मालक यांनीही पुढे तशीच ओरड केली. फरक इतकाच की तेथील तक्रारदारांच्या पाठीशी मतदानाचा हक्क आणि सिनेटर होते.

१९०५ मध्ये संघीय राखीव वने कृषी खात्याकडे आली आणि पिन्शो यांच्या नेतृत्वाखाली ‘फॉरेस्ट सर्व्हिस’ ही संस्था उभी राहिली. वुडरफ तिचे प्रमुख विधी अधिकारी झाले. अडचण अशी होती की १८९७ च्या ज्या कायद्यान्वये ही वने चालत होती, त्यात वनांच्या ‘वापराचे नियमन’ करण्याचा अधिकार सर्वसाधारण शब्दांत दिलेला होता. चराईसाठी पैसे घ्यावेत, पाण्याच्या जागा वीज कंपन्यांना भाड्याने द्याव्यात असे काही त्यात लिहिलेले नव्हते. पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी याचा अर्थ ‘कायद्यात नाही, म्हणून करता येत नाही’ असा घेतला होता. वुडरफ यांनी तो उलटा घेतला. जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि कोणताही मालक आपल्या जमिनीच्या वापरासाठी अटी घालू शकतो, त्यामुळे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्पष्टपणे मना केले नसेल तर सरकारलाही ते करता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०६ पासून राखीव वनांत चराई शुल्क लागू झाले. पश्चिमेत मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील मेंढपाळांविरुद्धचा ग्रिमॉड खटला आणि कोलोरॅडोतील एका गुरांच्या मालकाविरुद्धचा लाइट खटला, या दोन्हींत न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कार्यपालिकेने केलेले नियम मोडणे हा गुन्हा ठरू शकतो, हे त्यातून प्रस्थापित झाले. अमेरिकी प्रशासकीय कायद्याच्या इतिहासात हे निकाल वनांच्या पलीकडेही महत्त्वाचे ठरले आहेत. पिन्शो यांनी आपल्या आत्मचरित्रात या काळातील कायदेविषयक कल्पकतेचे मोठे श्रेय वुडरफ यांना दिले आहे.

या कार्यपद्धतीचे सर्वांत नाट्यमय उदाहरण १९०७ मधील आहे. ऑरेगनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक दुरुस्ती जोडली. तिच्यानुसार ऑरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना, वायोमिंग आणि कोलोरॅडो या सहा राज्यांत काँग्रेसच्या संमतीशिवाय नवे राखीव वन करता येणार नव्हते. विधेयक फेटाळावे तर वनविभागाचा सगळा खर्च बंद पडणार होता, म्हणून स्वाक्षरी करणे रूझवेल्ट यांना भाग होते. परंतु विधेयक मंजूर होणे आणि त्यावर स्वाक्षरी होणे यांच्यामध्ये काही दिवसांची मुदत होती, आणि त्या मुदतीत जुना कायदाच अमलात होता. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस बसून नकाशे आणि घोषणापत्रे तयार केली. रूझवेल्ट यांनी आधी या घोषणापत्रांवर सह्या केल्या आणि मग, ४ मार्च १९०७ रोजी, विधेयकावर. एकवीस नवी राखीव वने निर्माण झाली, अकरा वाढवली गेली आणि एकूण सुमारे १ कोटी ६० लाख एकर जमीन संरक्षणाखाली आली. विरोधकांनी या वनांना उपहासाने ‘मध्यरात्रीची वने’ म्हटले. हे काम अनेकांच्या हातून झाले, तरी चेंडू खेळात येण्यापूर्वीचा क्षण ओळखणाऱ्या विधी अधिकाऱ्याचे मन त्यात ओळखू येते. लोकप्रतिनिधींची इच्छा स्पष्ट दिसत असताना तिला अशी बगल देणे लोकशाहीच्या दृष्टीने योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो निराधार नव्हता. ही जमीन मुळात ज्या मूलनिवासी जमातींकडून घेतली गेली होती, त्यांना मात्र कोणत्याच बाजूने विचारले नाही.

त्याच वर्षी वुडरफ अंतर्गत खात्यात सहायक अॅटर्नी जनरल म्हणून गेले. अमेरिकेतील हे खाते आपल्याकडील गृहखात्यासारखे पोलीस आणि सुरक्षा पाहत नाही. सार्वजनिक जमिनी, खनिजे आणि मूलनिवासी जमातींचा कारभार हे त्याचे विषय आहेत. खातेप्रमुख जेम्स गारफिल्ड यांच्या अनुपस्थितीत वुडरफ यांनी त्या पदाचा प्रभारी कार्यभारही सांभाळला. या काळात धबधबे आणि नद्यांकाठच्या ज्या जागांवर वीजनिर्मिती शक्य होती, त्या खासगी कंपन्यांच्या ताब्यात जाण्यापूर्वी राखून ठेवण्याचे धोरण राबवले गेले. परंतु १९०९ मध्ये अध्यक्षपदी आलेले विल्यम टाफ्ट हे वृत्तीने न्यायाधीश होते. अध्यक्षाला कायद्याने जेवढे दिले आहे तेवढेच करता येते, असे त्यांचे मत होते. नवे खातेप्रमुख रिचर्ड बॅलिंजर यांनी राखून ठेवलेल्या अनेक जागा पुन्हा खुल्या केल्या, पिन्शो यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि जानेवारी १९१० मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. वुडरफ तोवर वॉशिंग्टन सोडून हवाई प्रांतात संघीय न्यायाधीश झाले होते. तेथेही ते फार काळ राहिले नाहीत. जलविद्युत जागांचे पट्टे मुदतीने आणि शुल्क घेऊन द्यावेत हे तत्त्व मात्र १९२० च्या संघीय जलविद्युत कायद्यात काँग्रेसनेच स्वीकारले. जी जागा पूर्वी युक्तिवादाने व्यापावी लागली होती, ती आता लिखित कायद्याने भरली गेली.

पिन्शो १९२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी वुडरफ यांना राज्याचे अॅटर्नी जनरल नेमले. आपल्याकडील महाधिवक्त्याप्रमाणे राज्य सरकारला कायद्याचा सल्ला देणारे हे पद त्या काळी तेथे निवडणुकीने नव्हे, तर गव्हर्नरच्या नेमणुकीने मिळत असे. १९२७ पर्यंत चाललेल्या या कारकिर्दीत कोळसा खाणींतील संप आणि वीज कंपन्यांवरील नियंत्रण हे प्रश्न होतेच, पण सर्वांत जास्त शक्ती खर्च झाली ती दारूबंदीवर. १९२० पासून अमेरिकेत राज्यघटनेच्या दुरुस्तीनेच दारूविक्री बंद झाली होती. पिन्शो कडवे दारूबंदीवादी होते, तर फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या शहरांत कायदा उघडउघड मोडला जात होता. राज्याच्या विधिमंडळाने अंमलबजावणीसाठी कायदा तर केला, पण त्यासाठी पैसे देण्याचे नाकारले. तेव्हा महिलांच्या दारूबंदी संघटनेने निधी गोळा करून सरकारला दिला. कायद्यातील फट शोधण्याची ही एक वेगळीच तऱ्हा म्हणावी लागेल. एरवी मात्र या सामन्यात वुडरफ बचावाच्या बाजूला होते. औद्योगिक वापरासाठी परवान्याने मिळणारे अल्कोहोल, औषधाच्या चिठ्ठीवर मिळणारी व्हिस्की, सौम्य बिअर बनवण्यासाठी आधी कडक बिअर बनवू देणारी तरतूद, अशा प्रत्येक मोकळ्या जागेत आता दुसऱ्यांची माणसे उभी होती. एक फट बुजवली की दुसरी उघडत होती, आणि ज्या न्यायाधीशांनी व पोलिसांनी ती बुजवायची त्यांच्यापैकी अनेकांना तसे करायचेच नव्हते.

डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती रद्द झाली. पुन्हा गव्हर्नर झालेल्या पिन्शो यांनी त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियात दारूविक्री सरकारी दुकानांपुरती मर्यादित करणारा कायदा करून घेतला. आता मना करता येत नाही तर निदान खरेदी गैरसोयीची व्हावी, हा त्यामागचा हेतू त्यांनी लपवला नाही. वुडरफ यांचे निधन २४ मार्च १९३४ रोजी झाले. १९६३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला तो अर्थातच प्रशिक्षक म्हणून, तीन संस्थांतील १४२ विजयांसाठी. फुटबॉलच्या इतिहासग्रंथांत गार्ड्स बॅकची आकृती आणि वनांच्या इतिहासग्रंथांत ग्रिमॉड खटला आजही दिला जातो. मात्र पहिल्या प्रकारच्या पुस्तकांत वनांचा आणि दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत फुटबॉलचा उल्लेख फार तर एखाद्या वाक्यापुरता येतो.